निम्मं वूल काढा

मला गाड्यांचा आवाज मनापासून आवडतो आणि माझं काम तो कमी करायला लावायचं आहे. यात काही विचित्र आहे असं मला वाटत नाही. मिठाईच्या दुकानात वजनकाटा धरणाऱ्यालाही पेढा आवडतोच की.

रविवार ते गुरुवार मी बहरैनमधल्या सित्राच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम करते. कॉम्प्रेसरजवळ किती डेसिबल, बॉयलरजवळ किती, कोणी कानात प्लग घातलेत आणि कोणी माझी पाठ वळताच काढून खिशात टाकलेत, हे बघत दिवसभर फिरायचं. आणि थंडीच्या दिवसांत, ज्या शुक्रवारी सखीरच्या ट्रॅकवर क्लबच्या शर्यती असतात, त्या शुक्रवारी तिथे तेच काम फुकटात करायचं. अगदीच फुकट नाही, नारिंगी जाकीट, टोपी आणि दुपारची बिर्याणी मिळते. आई महाडहून फोनवर म्हणते, "सुट्टीच्या दिवशी पण गोंगाटातच? घरात बस की जरा गप!" तिला कसं सांगू की घरात गप बसण्याइतकी कठीण शिक्षा मला दुसरी नाही.

या शर्यती स्टॉक कारच्या, म्हणजे साध्या गाड्यांच्या. बाहेरून तुमच्याआमच्या दारात उभ्या असतात तशाच दिसतात. आत डोकावलं की मागच्या सीटा उपटलेल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा ठोकलेला आणि कार्पेटच्या जागी नुसता पत्रा. अशा वीस गाड्या एकदम सुटल्या की आवाज कानात शिरत नाही, तो आधी पायातून वर चढतो आणि मग फासळ्या वाजायला लागतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चक्क ओरडले होते. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही, इतकी मजा!

पण म्हणून कोणी कितीही बोंबलायचं असं नाही. शर्यतीआधी प्रत्येक गाडीची आवाजाची तपासणी होते. इंजिन ठरलेल्या वेगावर धरायचं, एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, पंचेचाळीस अंशांत आवाज मोजायचा मीटर धरायचा. समोर धरला तर गरम धूर मीटरच्या तोंडावर येतो आणि आकडा भलताच लागतो. मर्यादेच्या वर गेली की गाडी ट्रॅकवर जाणार नाही. मग चालवणारा कोणीही असो आणि त्याने कितीही हातापाया पडू दे.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते, कारण त्या शुक्रवारी त्याचंच सगळं पणाला लागलं होतं.

तो तुबलीच्या एका गॅरेजमध्ये सायलेन्सर बनवतो. बनवतो म्हणजे पिकअपचा सडलेला पाइप कापायचा आणि नवा जोडायचा, पाण्याच्या टँकरखाली झोपून वेल्डिंग करायचं, दिवसभर हेच. हात मात्र असा की त्याच्या वेल्डिंगची रेघ बघून इतर वेल्डर मान हलवतात. त्याच्या मनात कधीपासून होतं की एकदा शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर आपल्या हाताने, पहिल्या पत्र्यापासून बनवायचा. गॅरेजचा मालक, त्याला सगळे अरबाब म्हणतात, ऐकायलाच तयार नव्हता. रेसिंगवाले कटकटी असतात, आज पाइप लावा, उद्या काढा. नवरा महिनोन्महिने मागे लागला. शेवटी अरबाब वैतागून म्हणाला, "ठीक है. एक बनाओ. पास हुआ तो आगे तुम येही काम करेगा, अलग कोना देगा. फेल हुआ तो खलास, टैंकर का पाइप काटो, फिर रेसिंग का नाम नहीं."

अलग कोना! गॅरेजच्या एका कोपऱ्यात स्वतःचं टेबल, स्वतःचं काम! त्या संध्याकाळी नवरा जेवलाच नाही, वहीत गोल आणि नळ्या काढत बसला. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याचा चेहरा इतका उजळलेला नव्हता, हे मी त्याला आजही ऐकवते.

गाडी होती हिद्दच्या एका बेकरीवाल्याची. बहरैनी माणूस, पन्नाशीचा, पहाटेपासून खुब्ज, म्हणजे अरबी रोट्या, भाजतो आणि शुक्रवारी हेल्मेट घालतो. भुवयांत कायम थोडं पीठ असतं. त्याची जुनी पांढरी सेडान इतकी किंचाळायची की मागच्या शर्यतीत मीच तिला नापास केलं होतं. तेव्हा तो माझ्यावर चिडला नाही, उलट पोळीएवढ्या दोन गरम रोट्या हातात देऊन गेला. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

नवऱ्याने सायलेन्सर सुंदर बनवला. आत भोकंभोकं पाडलेली नळी, बाहेर स्टीलचं गोल डबडं, आणि दोन्हींच्या मधे ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, भरायचं. आवाज भोकांतून वुलात शिरतो आणि तिथेच जिरतो, एवढंच त्याचं तत्त्व. गुरुवारी संध्याकाळी, उजेड होता तोवर आम्ही दोघं बिल्डिंगच्या गच्चीवर वूल भरायला बसलो.

आणि इथे आम्ही माती खाल्ली.

आखातात राहणाऱ्या माणसाला विचारा, तो खोका कसा भरतो. गावी जायच्या आधी महिनाभर घरात खोका उघडा असतो. खजूर, साबण, दूध पावडर, भाच्यांचे बूट, बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं. मग एकाने वर बसायचं आणि दुसऱ्याने टेप मारायची. रिकामी जागा दिसली की आमच्या पोटात दुखतं. आठ वर्षांत आमच्या खोक्यात एक बोटभर जागा रिकामी गेली असेल तर शपथ. तेच हात सायलेन्सर भरायला लागले.

नवरा एक थर गुंडाळून थांबला होता. "बस का गं?"

"कसलं बस? अजून मावेल," मी म्हणाले. "द्या इकडे."

मी लाटणं आणलं. वूल सारून सारून आत कोंबलं. हातमोज्यांच्या वरून ते मनगटाला लागलं आणि दोन दिवस खाजवत बसले. शेवटी नवऱ्याने गुडघा ठेवून झाकण दाबलं आणि मी रिवेट मारले. डबडं हातात घेतलं तर दगडासारखं जड. मला इतकं समाधान वाटलं! इतकं गच्च भरलंय, आवाज जाईलच कुठून?

शुक्रवारी सकाळी बेकरीवाल्याची गाडी रांगेत चौथी होती. मी आधीच आमच्या मुख्य तपासनिसाकडे गेले. तो म्हातारा बहरैनी गृहस्थ आहे, रिफायनरीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. मी सांगून टाकलं की या गाडीचा सायलेन्सर माझ्या नवऱ्याने बनवलाय, मी मोजणार नाही. भरायला मीही होते, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मीटर तू धर, आकडा मी वाचतो. मीटरला तुझा नवरा माहीत नाही."

झालं. गाडी समोर आली. नवरा तपासणीच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभा, नवा शर्ट घालून. बेकरीवाल्याने आतून अंगठा दाखवला आणि पाय दाबला.

आवाज ऐकला आणि मला तो खटकला. मागच्यापेक्षा कमी होता, पण कोरडा, पत्र्यावर पत्रा आपटावा तसा. इतकी वर्षं आवाज मोजल्यावर कानाला आधी कळतं, मीटरला नंतर. तपासनिसाने आकडा वाचला, मीटर पुन्हा धरायला सांगितला, पुन्हा वाचला. मग वहीत लिहून मला दाखवला. मर्यादेपेक्षा चार डेसिबल जास्त.

चार म्हणजे काही थोडं नव्हे. एखाद-दुसरा असता तर काहीतरी जुगाड करता आला असता. मी दोरीकडे बघितलं. नवऱ्याने हाताने विचारलं, काय? मी मान हलवली. त्याचा चेहरा असा काही उतरला की मीटर तिथेच फेकून द्यावासा वाटला. चूक कोणाची, का, काही कळत नव्हतं आणि रडू येईल की काय अशी भीती वाटत होती. नारिंगी जाकिटात रडायचं म्हणजे कमालच झाली असती.

नियम असा की नापास गाडीला एक फेरतपासणी मिळते, एकच. त्या दिवशी ती जुम्म्याच्या नमाजनंतर, दीड वाजता होती. आत्ता सव्वाअकरा. बेकरीवाला खांद्यावर हात टाकून नवऱ्याला म्हणाला, "मफी मुश्किल, भाई, कुछ प्रॉब्लम नहीं, इंशाल्ला होगा," आणि नमाजला निघून गेला. उरलेल्या गाड्या मोजताना माझं अर्धं लक्ष नव्हतं. एका पठ्ठ्याची गाडी पास झाली तर तो मला थँक यू म्हणाला आणि मी त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं.

पंधरावी की सोळावी गाडी असेल. मीटर धरता धरता माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरभोवती आवाज अडवायची पेटी आहे. तिच्या भिंतींत हेच वूल असतं. एकदा कंत्राटदाराने एका थराच्या जागेत दोन थर दाबून बसवले, जास्त चांगलं म्हणून. आवाज वाढला! वुलात हवा हवी, धागे मोकळे हवेत, म्हणजे आवाज आत शिरून त्यात भटकतो आणि दमतो. दाबून टाकलं की ते वूल राहत नाही, भिंत होते, आणि भिंतीवरून आवाज परत फिरतो. याचा रिपोर्ट कोणी लिहिला होता? मी! माझ्या सहीचा, तीन पानी, फोटोंसकट. आणि गच्चीवर लाटणं घेऊन कोण बसलं होतं? मीच!

स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्याच क्षणी इतका आनंदही झाला नव्हता.

शेवटची गाडी संपताच मी तपासनिसाला विचारलं, ब्रेकमध्ये मी नवऱ्याशी बोलू शकते का? तो म्हणाला, "ब्रेकमध्ये तू बायको आहेस. काय चुकलं असेल ते आपण इथे सगळ्यांनाच सांगतो, त्याला पण सांग. फक्त दीड वाजता मीटरला हात लावायचा नाही." मी जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि धावत सुटले. जाड सेफ्टी बुटांत, गाड्या उभ्या असतात त्या पॅडॉकभर धावणारी बाई लोकांनी वळून वळून बघितली, बघू देत.

तिथे नवरा काय करत होता माहितीये? सायलेन्सर गाडीखालून काढून, ओल्या गोणपाटावर निवायला ठेवला होता आणि शेजारी उरलेल्या वुलाचा रोल उघडत होता. अजून भरायला!

"निम्मं काढा!" मी लांबूनच ओरडले.

"काय?"

"वूल! निम्मं वूल काढा!"

"ऊन लागलं का तुला? चार डेसिबल जास्त आलाय आणि वूल काढू? उद्या म्हणशील सायलेन्सरच काढा."

मी कॉम्प्रेसरची सगळी गोष्ट सांगितली, धापा टाकत, मधलं गाळत, परत मागे जाऊन सांगत. त्याला पटेना. अर्थात कसं पटणार? भरलं की आवाज कमी होतो, हे त्याने इतकी वर्षं टँकरखाली झोपून बघितलं होतं. मी कागदांची माणूस. तो म्हणाला, "ही शेवटची टेस्ट आहे. काढलं आणि वाढला तर? अरबाब मला परत या कामाला हात लावू देणार नाही. तुला कळतंय ना?"

"कळतंय म्हणूनच धावत आले ना!"

"काल तूच म्हणालीस अजून मावेल!"

"हो, म्हणाले! माझं चुकलं! झालं समाधान?"

लग्नाला अकरा वर्षं झाली. चुकलं हा शब्द माझ्या तोंडून त्याने मोजून दोनदा ऐकला असेल. तो खाली बसला, ड्रिल उचललं आणि पहिला रिवेट उडवला.

त्यानंतरचा अर्धा तास आठवला की आजही माझे हात शिवशिवतात. डबडं अजून तापलेलं होतं. तो रिवेट उडवत होता, मी मास्क लावून झाकण ओढत होते. वूल बाहेर यायला तयार नाही, इतकं आम्ही ते ठासलं होतं. पकडीने धरून ओढलं तेव्हा वडीसारखे तुकडे बाहेर पडले. ते फेकले. उरलेला नवा रोल घेतला आणि तो हाताने पिंजला, कापूस पिंजतात तसा, धागा धागा मोकळा करून. नळीभोवती एकच सैल थर. नवऱ्याने सवयीने वरून दाबायला हात नेला आणि मी त्याच्या हातावर चापट मारली. दोघंही हसायला लागलो. मास्कमध्ये हसलं की चष्म्यावर वाफ धरते, मला काही दिसेना, त्यावर अजून हसलो. जीव टांगणीला आणि आम्ही खिदळतोय!

तेवढ्यात बेकरीवाला नमाजहून परतला. गाडीशेजारी वुलाचा ढीग बघून त्याने डोक्याला हात लावला. "या अल्ला! ये क्या? मेरा गाड़ी का रूई क्यों निकाला?"

"जास्त झाला था," नवरा म्हणाला, आमच्या हिंदीत.

"तुमको पक्का मालूम?"

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "इसको मालूम. यही गाड़ी फेल करती है, यही पास करेगी."

"मी नाही," मी म्हणाले. "मैं हाथ नहीं लगाएगी."

दीडला पाच मिनिटं असताना गाडी रांगेत लागली. या वेळी मी दोरीच्या बाहेर होते, नवऱ्याशेजारी. नेहमी आतून बघितलेली जागा मी पहिल्यांदाच बाहेरून बघत होते. इतक्या लोकांना मी या दोरीपाशी उभं केलंय, कधी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. तपासनीस एका गुडघ्यावर बसला, मीटर धरला. बेकरीवाल्याने पाय दाबला.

आवाज जाड झाला होता! कोरडा राहिला नव्हता, त्याला अंग आलं होतं. मी नवऱ्याचा दंड इतक्या जोरात धरला की तो म्हणाला, "अगं, सोड, हाड मोडशील." तपासनिसाने आकडा बघितला. पुन्हा एकदा मोजला. चष्मा पुसला, माणसाने या वेळी चष्मा पुसावा का! मग वहीत लिहिलं, उभा राहिला आणि गाडीच्या काचेवर हिरवं स्टिकर चिकटवलं.

मर्यादेच्या दोन डेसिबल खाली. चार वर होती ती दोन खाली!

मी काय केलं मला आठवत नाही. नवरा सांगतो की मी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि तपासनिसाला आपल्या मराठीत "बघा बघा, सांगितलं नव्हतं?" असं म्हणाले. बेकरीवाला गाडीतून हेल्मेट धरलेला हात बाहेर काढून हसत होता. "यल्ला, यल्ला, चलो, रेस है!"

शर्यतीच्या वेळी माझी ड्यूटी नव्हती. आम्ही दोघं मुख्य सरळ रस्त्याच्या जाळीपाशी उभे राहिलो. नवऱ्याने याआधी कधी शर्यत बघितलेली नव्हती, त्याला शुक्रवारी ओव्हरटाइम असायचा. वीस गाड्या एकदम सुटल्या आणि तो दोन पावलं मागे सरकला. मग पुढे आला, जाळीला नाक लावून. "आई शपथ!" एवढंच म्हणाला. वाळूवरून वारा येत होता, रबर जळाल्याचा वास, आणि आवाज! मी प्लग काढून थोडा वेळ तसाच ऐकला. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

दुसऱ्या फेरीत त्याने मला विचारलं, "आपली कुठाय? गेली का?"

"मघाशीच गेली! दुसऱ्यांदा गेली!"

"मला ऐकू आली नाही!"

"मग?" मी ओरडले. "तेच तर पाहिजे होतं!"

त्याने फोन काढला. अरबाबला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जाळीला धरला. अरबाब स्वतः शुक्रवारी गॅरेजला येत नाही, घरी जेवून बसला असावा, स्क्रीनवर त्याची दाढी आणि छताचा पंखा दिसत होता. गाड्या आल्या. एक किंचाळत गेली, दुसरी तडतडत गेली, मग पांढरी सेडान गेली, मग पुन्हा किंचाळणाऱ्या तीन.

"वो सफेद! अरबाब, वो सफेद वाला!"

"देखा," अरबाब म्हणाला. "आवाज किधर है?"

"नहीं है!" माझा नवरा अख्ख्या सखीरला ऐकू जाईल असा ओरडला. "नहीं है अरबाब! मैंने बनाया!"

अरबाबने दाढी खाजवली. मग अरबाब म्हणाला, "मेरा भाई का गाड़ी भी बहुत चिल्लाता है. संडे को लाएगा. कोना साफ करके रखो."

नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला आणि जाळीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. गाड्या पुन्हा आल्या. मी दुसरा कान बोटाने बंद केला आणि म्हणाले, "हां अरबाब, सुन रहा है. अभी बोल नहीं सकता."